बेचाळिशीत निघालेला दमा आणि आमच्या खोलीतला कूलर

मला दमा असल्याचं २०२४ च्या जानेवारीत कळलं. वय बेचाळीस. लहानपणी कधी धाप लागली नव्हती, माहेरी-सासरी कुणाला दमा नाही, सिगारेटचा तर प्रश्नच नाही. निदान झाल्यावर मी खूप शोधाशोध केली. एकतर औषधांची माहिती सापडायची, नाहीतर 'दमा मुळापासून बरा' छापाचे व्हिडिओ. पुढे नेमकं काय होतं, किती थांबावं लागतं, पैसे किती लागतात आणि आपल्याला कशाने त्रास होतो ते कसं शोधायचं, हे सलग कुणी सांगितलेलं दिसलं नाही. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय. औषधांची नावं माझ्या चिठ्ठीतली आहेत. तुमची तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

सुरुवात खोकल्याने झाली. २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. फटाक्यांच्या धुराने घसा बसला असेल असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. दिवाळी संपली, शाळा उघडली, खोकला तसाच. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या अनुदानित शाळेत लिपिक आहे. त्या हिवाळ्यात जुन्या नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं होतं, आणि आमच्याकडेही पन्नास-साठ वर्षांपूर्वीची दाखलखारीज रजिस्टरं कपाटातून बाहेर आली. रजिस्टर उघडलं की धुळीचा लोट. त्यामुळे खोकला कशाने होतो याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. आमचे शिपाईदादा तर मला आतच येऊ देईनात. "मॅडम, तुमी बाहीर थांबा न, मी आणून देतो."

पण खोकला शाळेत कमी आणि पहाटे जास्त यायचा. तीन-साडेतीनला जाग यायची, छातीवर कुणीतरी हात दाबून ठेवल्यासारखं व्हायचं आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी आधी नवऱ्याला ऐकू आली. मला वाटलं होतं मांजर आहे.

फॅमिली डॉक्टरांनी आधी साधं खोकल्याचं औषध दिलं, मग अँटिबायोटिक. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेलाय, आधी टीबी नाही ना ते बघून घेऊ. हे ऐकून पोटात गोळा आला, पण ही तपासणी सगळ्यात सोपी निघाली. मनपाच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. सकाळची पहिली थुंकी डबीत द्यायची, आधार कार्ड दाखवायचं, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. दोन दिवसांत रिपोर्ट आला, टीबी नव्हता. छातीचा एक्स-रे बाहेर काढला, ४०० रुपये, तोही स्वच्छ. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस रात्रभर बसून, अशी अवस्था. शेवटी डॉक्टरांनी छातीच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

नागपुरात मोठे दवाखाने म्हणजे धंतोली आणि रामदासपेठ. अपॉइंटमेंट मिळाली १६ जानेवारीची, म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांनी. (धंतोलीत गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा सीताबर्डीपर्यंत मेट्रोने जाऊन पुढे ऑटो केलेला बरा.) मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही, छातीरोगाचा विभाग आहे आणि खर्च अगदी कमी. माझ्या शाळेतल्या एका बाईंचं सगळं तिथेच चालतं. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायला सवड हवी, एवढंच. मला मार्चपर्यंत रजा मिळणं कठीण होतं, म्हणून मी खासगीत गेले. तपासणी फी ७०० रुपये.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. त्रास दिवसा जास्त की रात्री? सुट्टीच्या दिवशी कमी होतो का? हसलं की खोकला येतो का? डोकेदुखीची गोळी घेतल्यावर कधी छाती भरली का? काही जणांना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी दमा उसळतो, म्हणून तो प्रश्न. बीपीची गोळी चालू आहे का? काचबिंदूचे थेंब? बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्यांनी श्वासनळ्या आवळू शकतात, आणि त्याच जातीचं औषध डोळ्यांच्या काही थेंबांतही असतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आंबट ढेकर येतात का? घरात कबुतरं, कुत्रा, मांजर? ओल?

ओलीच्या प्रश्नावर मी थांबले. आम्ही धरमपेठेकडे तळमजल्यावर भाड्याने राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं, ते आमच्याही घरात आलं होतं. गाद्या फेकल्या, भिंती तशाच राहिल्या. मी विचारलं, दमा त्यामुळेच झाला का? ते म्हणाले, असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण लक्षात ठेवू.

मग स्पायरोमेट्री. १,२०० रुपये. हिची फार भीती वाटत होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. नाकाला चिमटा लावतात. तोंडात पुठ्ठ्याची नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम, सगळा जोर लावून सोडायचा. आणि सोडतच राहायचा. समोरची मुलगी 'अजून, अजून, अजून, सोडा, सोडा' ओरडत असते आणि तुम्हाला वाटतं आता आत काहीच उरलं नाही, तरी पाच-सहा सेकंद जाऊ द्यायचे. हे निदान तीनदा नीट जमावं लागतं. डोळ्यांसमोर अंधारी येते, म्हणून बसूनच करतात. नंतर पंपाने श्वासनळ्या उघडणारं औषध देतात, पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवतात आणि पुन्हा तेच. जाण्याआधी पोटभर जेवू नका, सैल कपडे घाला, आणि एखादा पंप आधीच चालू असेल तर तो किती तास आधी थांबवायचा हे फोन करून विचारून घ्या.

माझा पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचा आकडा, त्याला एफईव्ही-वन म्हणतात, आधी १.७८ लिटर होता. औषधानंतर २.१४ लिटर. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवून दाखवला. मोठ्या माणसात औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्हींपेक्षा जास्त वाढ झाली तर श्वासनळ्या आवळल्या होत्या आणि त्या उघडू शकतात, असा अर्थ. माझी वाढ ३६० मिलिलिटर, म्हणजे २० टक्के. "दमा आहे," ते म्हणाले. मला खरं सांगायचं तर आधी बरंच वाटलं. दोन महिने जे चाललं होतं त्याला निदान एक नाव मिळालं. वाईट वाटायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही मानायला तयार होईनात. "तुले कायचा दमा होते वं? दमा तं म्हाताऱ्यायले होते." पंप पाहिल्यावर तर त्यांनी डोक्यालाच हात लावला. एकदा पंप लागला की सुटत नाही, हे वाक्य मी त्या आठवड्यात घरी, शाळेत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे ऐकलं. डॉक्टरांनी याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. माझ्या पंपात ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल आहे. ब्युडेसोनाइड म्हणजे स्टेरॉइड, एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम, तेही थेट श्वासनळीत. दम्याचा मोठा अ‍ॅटॅक आला की पोटात जी स्टेरॉइडची गोळी देतात ती चाळीस मिलिग्रॅमपर्यंत असते, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या अंगात फिरते. रोजचा छोटा डोस त्या गोळीची पाळी येऊ नये म्हणून आहे. हे मी आईंना हिशेबाच्या वहीत लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरं. पटलं की नाही ते अजून विचारलेलं नाही.

दुसरी गोष्ट. पूर्वी दमेकऱ्यांना नुसता निळा, तात्पुरता आराम देणारा पंप द्यायचे आणि त्रास झाला की ओढा म्हणायचे. त्याने श्वासनळी उघडते, पण आतली सूज तशीच राहते. जिना नावाची जागतिक संस्था दम्याच्या उपचाराची सूत्रं काढते. तिने २०१९ पासून मोठ्यांसाठी नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगितलंय. माझा एकच पंप आहे, सकाळ-संध्याकाळ तोच आणि धाप लागली तर जास्तीचा फवाराही त्याचाच. दिवसाला कमाल किती, ते कागदावर लिहून दिलंय.

पंप तेव्हा ४५० रुपयांच्या आसपास, त्यात १२० फवारे. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी, ३५० रुपये. स्पेसरला नाही म्हणू नका. पंप दाबणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जुळलं नाही तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथेच राहतं. पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एक फवारा, सावकाश खोल श्वास, दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा फवारा असेल तर सगळं पहिल्यापासून. मग चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. मी पंप टूथब्रशच्या शेजारीच ठेवते, चूळ आपोआप होते. उरलेले फवारे दाखवणारा काटा असलेलाच पंप मागा. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. काही प्रकार जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, चिठ्ठी घेऊन चौकशी करून पाहावी.

आठ-दहा दिवसांत पहाटेची जाग थांबली. फेब्रुवारी छान गेला. खरी गंमत पुढे आहे.

त्या पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर घ्यायला लावलं होतं. श्वास किती जोराने सोडता येतो ते यावर मोजतात, आकडा जितका मोठा तितक्या श्वासनळ्या मोकळ्या. ५५० रुपये, प्लॅस्टिकची नळी, त्यावर सरकणारा काटा. उभं राहून जोरात फुंकायचं, तीनदा, आणि तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर पंपाच्या आधी, आणि संध्याकाळी. सोबत वहीत चार रकाने: आकडा, कुठे झोपले, दिवसभरात काय वेगळं घडलं, पंप जास्तीचा लागला का. खाण्याचा रकाना मी स्वतःहून वाढवला, कारण घरात माझ्या खाण्यावर खटला चालू होता. दही बंद, केळी बंद, भात रात्री बंद आणि संत्री तर अगदीच बंद. जानेवारी-फेब्रुवारीत नागपुरात राहून संत्रं खायचं नाही! मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी खा म्हणून सांगितलं, त्रास झाला तर लिहा. मी मृग बहाराचा अख्खा हंगाम संत्री खाल्ली आणि वहीत त्याने आकडा एकदाही हलला नाही. दह्यानेही नाही. रात्री खूप उशिरा सावजीचं तर्रीदार खाऊन लगेच आडवं झालं की मात्र पहाटे खोकला आला. तो मसाल्याचा दोष नव्हता, जळजळ वर आल्याचा होता. आता जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवते.

वहीने दुसरा धक्का रेकॉर्ड रूमचा दिला. ज्या दिवशी मी रजिस्टरांत चार-चार तास बसले त्या दिवशी नाक वाहिलं, शिंका आल्या, डोळे चुरचुरले, आणि संध्याकाळचा आकडा? ३५०, ३६०. रविवारी घरी आराम केला त्या दिवशीसुद्धा तेवढाच. कामाच्या जागेमुळे दमा असेल तर सुट्टीत आकडा वर जातो आणि सोमवारी पुन्हा पडू लागतो, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्यात तसं काही दिसेना. आमचे मुख्याध्यापक मला दुसऱ्या टेबलावर बदलायला निघाले होते, त्यांना मी थांबायला सांगितलं. धुळीसाठी मास्क लावते अजूनही, पण धूळ ही माझी मोठी आरोपी नव्हती.

होळी २४ मार्चला झाली आणि आमच्याकडे रिवाजाप्रमाणे कूलर लागला. एप्रिलच्या सुरुवातीला सकाळचा आकडा ३४० वरून खाली यायला लागला. ३२०. ३००. एक दिवस २९०. संध्याकाळी परत ३५०. डॉक्टरांना जरा नवल वाटलं, कारण नागपूरचा उन्हाळा इतका कोरडा असतो की धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना तो उलट मानवतो.

याच काळात इलेक्शन ड्युटी आली. नागपूरचं मतदान १९ एप्रिल २०२४ ला होतं. ड्युटी रद्द करायचा अर्ज वैद्यकीय कागदांसकट करता येतो, पण खासगी डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही, सरकारी वैद्यकीय तपासणीला जावं लागतं, असं मला सांगण्यात आलं. माझी स्पायरोमेट्री त्या आठवड्यात चांगली होती, म्हणून अर्ज केलाच नाही. साहित्य वाटपाच्या दिवशी मांडवात धूळ, घाम आणि गर्दी, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मतदारांच्या बोटाला शाई. पर्समध्ये पंप, चिठ्ठीची झेरॉक्स आणि पाण्याची बाटली. पथकातल्या सहकाऱ्यांना पंप कुठल्या कप्प्यात आहे ते आधीच दाखवून ठेवलं. पंपाची गरज पडली नाही. रात्री मतदान केंद्रावरच मुक्काम होता, खोलीत नुसता पंखा. सकाळी फुंकलं तर ३५०. हा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला.

एप्रिलच्या शेवटी अ‍ॅलर्जीची त्वचा चाचणी. ती जानेवारीतच का नाही केली? दमा आटोक्यात नसताना ती करत नाहीत, कारण क्वचित रिअ‍ॅक्शन येऊ शकते. खर्च ४,५०० रुपये. आधी आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटीच 'काही नाही' दाखवते. इथे एक सावधगिरी. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी मॉन्टेलुकास्टची गोळी बहुतेक वेळा लिव्होसेटिरिझिनसोबत एकत्र असते, सर्दीच्या गोळ्यांत आणि खोकल्याच्या कित्येक सिरपमध्येही तसलंच औषध असतं. घरातली सगळी पाकिटं घेऊन जा आणि कुठलं थांबवायचं ते दाखवून विचारा. पंप मात्र थांबवायचा नाही. (मॉन्टेलुकास्ट चालू असेल आणि झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडू लागली, मन उदास राहू लागलं तर तेही सांगा. माझ्याकडून डॉक्टर दर भेटीत विचारून घेत.)

चाचणी दुखत नाही. हातावर पेनने आकडे लिहितात, प्रत्येकापाशी एक थेंब, प्रत्येक थेंबातून बारीक टोचणी. एक थेंब हिस्टामिनचा, तो उठलाच पाहिजे, आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो उठता कामा नये. या दोन्हींवरून बाकीचं खरं-खोटं ठरतं. पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही, हा एवढाच छळ. मग पट्टीने गांधी मोजतात. तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ते धरतात. माझ्या गांधी उठल्या त्या घरातल्या धुळीतल्या किड्यांच्या थेंबांना, भरपूर. एका बुरशीला बऱ्यापैकी. गाजरगवताला थोडी. झुरळाला नाही, कुत्रा-मांजराला नाही.

कागद हातात आला की सगळा निकाल लागला असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, नाही. चाचणी सांगते की शरीर या गोष्टी ओळखतं. त्याने खरंच धाप लागते का, ते तुमची वही सांगेल. मग त्यांनी वहीतली एप्रिलची पानं उलटली आणि विचारलं, "झोपायच्या खोलीत कूलर कुठे आहे?"

धुळीतले हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. ते पाणी पीत नाहीत, हवेतल्या दमटपणावर जगतात आणि हवा कोरडी पडली की तग धरू शकत नाहीत. नागपुरात मे महिन्यात बाहेर हवा भट्टीसारखी कोरडी, पण आम्ही दारंखिडक्या लोटून रात्रभर कूलरने खोली ओली करत होतो. वर कूलरचं गवत मागच्या वर्षीचं, वास येणारं. आणि खोलीच्या ज्या भिंतीत पुराचं पाणी मुरलं होतं तिच्यापुढे आम्ही नवं लाकडी कपाट उभं केलं होतं. कपाट सरकवलं तेव्हा मागे काळ्या डागांचा नकाशा.

लगेच एसी घ्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत. आधी बघा म्हणाले. आम्ही गच्चीवर झोपायला गेलो. आमच्या लहानपणी सगळं नागपूरच गच्चीवर झोपायचं, आता शेजारच्या इमारतीतून लोक वाकून बघतात. आठवडाभर गच्ची. सकाळचा आकडा ३४०, ३५०, मग ३६०. नंतर मुद्दाम परत खोलीत, कूलर चालू. तिसऱ्या सकाळी ३००. माझा सर्वांत चांगला आकडा ३८०. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३०४ च्या खाली गेलं की सावध व्हायचं, आणि अर्ध्याच्या म्हणजे १९० च्या खाली गेलं की थेट दवाखाना, असं माझ्या कागदावर आहे. प्रयोग तिथेच थांबवला. असले प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि पंप बंद करून करू नका.

याच दिवसांत, नवतपा म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस चालू असताना, शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सरच बिघडल्याचं निघालं. आमच्या घरात तेव्हापासून माझा आकडा विचित्र आला की मुलगा म्हणतो, "सेन्सर बघ." चेष्टेत तथ्य आहे. काटा शून्यावर न आणता फुंकलं किंवा ओठ सैल राहिले तर आकडा चुकतो. म्हणून तीनदा.

मग खर्चाचा भाग. भिंतीचा गिलावा घरमालकांनी काढून नवा केला, अर्धे पैसे आमचे, ९,००० रुपये. गाद्या-उशांच्या बंद खोळी २,८००. या खोळींबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलले की मोठ्या माणसांत नुसत्या खोळींनी फारसा फरक पडल्याचं दिसत नाही, बाकीचं सगळं सोबत करणार असाल तर घ्या. चादरी, अभ्रे आठवड्याला एकदा गरम पाण्यात, ५५ अंशांच्या वर. गाद्या मे महिन्याच्या उन्हात दिवसभर गच्चीवर. उन्हाने किडे मरतात, पण त्यांची विष्ठा आणि अवशेष गादीतच राहतात आणि अ‍ॅलर्जी त्यांचीच असते, म्हणून नंतर झटकायच्या, आणि झटकायचं काम दुसऱ्याने करायचं. पडदे साधे सुती. कछवाछाप वगैरे जाळायच्या वस्तू बंद, मच्छरदाणी सुरू. धूप आणि उदबत्तीवरून आईंशी थोडं ताणलं गेलं. आता देवघरात दिवा लागतो, उदबत्ती अंगणात तुळशीपाशी.

कूलर बैठकीत गेला. गवत फेकून मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवली, टाकी दर दोन दिवसांनी पूर्ण रिकामी, आणि बंद करण्याआधी अर्धा तास पाण्याची मोटार बंद करून नुसता पंखा, म्हणजे जाळी सुकते. मनपाचे लोक डासांच्या अळ्या बघायला येतात त्यांनी आमची टाकी पाहून कौतुक केलं. झोपायच्या खोलीत एक टनाचा एसी हप्त्यांवर घेतला. हा खर्च सगळ्यांना जमेल असं नाही, आम्हालाही जड गेला. गच्ची असेल आणि झेपत असेल तर ती फुकट आहे.

जुलैत आरोग्य विम्याचं नूतनीकरण आलं. विमा आधीचा होता, त्यामुळे दमा त्यात 'आधीपासूनचा आजार' ठरत नव्हता. पण आम्हाला रक्कम तीन लाखांवरून पाच लाख करायची होती, आणि त्या फॉर्ममध्ये दमा लिहावा लागला. लिहा. लपवलं तर दाव्याच्या वेळी अडकतं. त्यांनी स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट, पहिली चिठ्ठी आणि सध्याच्या स्थितीचं डॉक्टरांचं पत्र मागितलं. वाढीव दोन लाखांना दम्यासाठी ३६ महिन्यांची प्रतीक्षा लागली. एप्रिल २०२४ पासून यापेक्षा जास्त प्रतीक्षा लावता येत नाही, आधी ४८ महिन्यांपर्यंत असायची. पंप, ओपीडी, चाचण्या यांतलं काहीच आमच्या विम्यात बसत नाही. पहिल्या दिवसापासून सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलला लावून ठेवा. लिपिक म्हणून एवढंच माझं कौशल्य, ते कामी आलं.

पावसाळ्यात गाजरगवत फुललं, मी घाबरून होते, वहीत काही विशेष दिसलं नाही. मोठी घसरण आली ऑगस्टमध्ये आणि तिचं कारण चाचणीच्या कागदावर नव्हतंच: मुलाने शाळेतून आणलेली सर्दी. दोन दिवसांत आकडा २५० वर. कागदावर लिहिल्याप्रमाणे फवारे वाढवले, दुसऱ्या दिवशी दवाखाना, पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. कूलर, भिंत, गाद्या एवढं सगळं करूनही सर्दीने एका फटक्यात पाडलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्यांच्या दम्यात सर्दी-फ्लू हे उसळण्याचं फार मोठं कारण असतं. रोजचा पंप चालू होता म्हणून भरती व्हायची वेळ आली नाही. दरवर्षी फ्लूची लस घ्या म्हणाले, ती घेतली, १,९०० रुपये.

३ सप्टेंबरला मारबत होती, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत पुतळ्यांची मिरवणूक काढून ते जाळायचा नागपूरचा सण. आमची शाळा महालातच, रस्ता माणसांनी फुललेला, 'रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत' असा गजर. मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिली. मारबत जाळतात तिकडे गेले नाही. खोकला नेलाच तर बरं, धूर मात्र तिथेच राहू दे.

अ‍ॅलर्जीच्या लसींचा, म्हणजे थेंब किंवा इंजेक्शनांचा पर्यायही समोर ठेवला गेला. तीन ते पाच वर्षं चालतो, खर्च बराच, आणि तो पंपाची जागा घेत नाही. तूर्त नाही म्हटलं. २०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद करून आत बसले. सकाळी आकडा ३३०, दोन दिवसांत जागेवर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पायरोमेट्री पुन्हा झाली. पंप न ओढताच एफईव्ही-वन २.२ लिटर. तीन महिने आटोक्यात राहिलं की डोस कमी करून पाहतात, तसा माझा दिवसाला एका फवाऱ्यावर आला. डोस उतरवल्यावर पुढचे तीन महिने मीटर परत रोज फुंकायचं होतं, आणि त्यात एप्रिल-मे येत होते. म्हणून त्या वर्षी कूलर बैठकीतून बाहेर व्हरांड्यात गेला. आई दुपारी तिथेच खाट टाकून झोपतात आणि टाकीतलं पाणी बदलायची आठवण मला त्याच करून देतात.